‘हँग झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

लोकसाहित्याच्या दृक्‌श्राव्य नोंदींविषयी आपल्याकडे चर्चासत्रे होतात, त्यांत वाचल्या जाणाऱ्या निबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. मौखिक परंपरा लोप पावत आहे, ती जतन केली पाहिजे आणि त्यासाठी आधुनिक तंत्रज्ञानाचा अवलंब केला पाहिजे, अशा तीन पायऱ्या चढून निबंधकार व्यासपीठावरून खाली उतरतात. टाळ्या होतात. ‘तंत्रज्ञानाचा अवलंब’ म्हणजे प्रत्यक्षात कोणी, कोणत्या यंत्रापुढे बसून, काय करावयाचे, हा प्रश्न सभागृहात कोणी विचारीत नाही. तो विचारणे साहित्याच्या अभ्यासकाला शोभत नाही, अशी अलिखित समजूत आहे. कॅमेरा चालवणारा मुलगा वेगळा, संकलन करणारा आणखी वेगळा, आणि मराठीचा प्राध्यापक या दोघांच्या मध्ये प्रास्ताविकापुरता उभा.

या समजुतीची किंमत मोजली जाते ती चर्चासत्र संपल्यावर, विभागाच्या कोपऱ्यातल्या संगणकापुढे. चार दिवस गावात राहून केलेले चित्रण कार्डात आहे. संकलनाचे सॉफ्टवेअर उघडले, हाय डेफिनिशन कॅमेऱ्यातील क्लिप्स आत घेण्याची आज्ञा दिली आणि पडदा थिजला. वर्तुळ फिरत राहते, खिडकीवर पांढुरकी छाया पसरते, माउस हलतो पण कशालाच लागू पडत नाही. पाच-दहा मिनिटे वाट पाहिली जाते. मग कोणीतरी निकाल देतो, ‘हँग झाला.’ या दोन शब्दांवर खटला निकालात निघतो. आरोपी सॉफ्टवेअर, साक्षीदार सगळे, आणि शिक्षा मात्र भोगायची ती कार्डातल्या आवाजाने.

आमचा आक्षेप या दोन शब्दांना आहे. ‘हँग’ हा शब्द यंत्राविषयी तक्रार करतो आणि यंत्राला आपण काय भरवले याविषयी मौन पाळतो. विद्यार्थी ‘कविता कळली नाही’ म्हणाला तर आपण तेवढ्यावर थांबत नाही. कोणत्या ओळीपाशी अडलास, शब्द अडला की संदर्भ अडला, असे विचारतो. तो विचारण्याचाच आपल्याला पगार मिळतो. तोच अध्यापक संगणकापुढे मात्र ‘कळले नाही’ या पातळीवरचे निदान निमूट स्वीकारतो आणि घरी जातो. हे अज्ञान आहे म्हणून आम्ही रागावत नाही. अज्ञान सर्वांनाच असते. ते प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून मिरवले जाते, याचा राग आहे.

मुळात ते सॉफ्टवेअर थांबले आहे की काम करते आहे, हेच अनेकदा पाहिले जात नाही. विंडोजमध्ये एखादी खिडकी सुमारे पाच सेकंद हाकेला ओ देईनाशी झाली की प्रणाली तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असा शिक्का मारते. पाच सेकंद! तीन तासांच्या मुलाखतीच्या क्लिप्स आत घेताना ॲडोबी प्रीमियरसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपचा आवाज उलगडून स्वतःच्या सोयीच्या फाइली तयार करीत असते, तरंगरेषा आखीत असते. या कामाला वेळ लागतो. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर आणि डिस्क यांच्या आकड्यांकडे पाहिले की उलगडा होतो. आकडे धावत असतील तर यंत्र राबते आहे, त्याला राबू द्यावे. आकडे शून्याला टेकून बसले असतील तर ते खरोखर अडले आहे. एवढे पाहायला अभियंता लागत नाही. तरीही निम्म्या ‘हँग’ प्रकरणांत राबणाऱ्या यंत्राचा गळा आपण स्वतःच्या हाताने दाबत असू, असा आमचा संशय आहे.

आता खरोखर अडण्याचे कारण. त्यासाठी कार्डात काय आहे ते समजून घेतले पाहिजे, आणि येथेच साहित्याच्या माणसाने कान टवकारावेत, कारण प्रश्न वाचनाचा आहे.

फुल हाय डेफिनिशनचे एक चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू, म्हणजे वीस लाखांहून अधिक. प्रत्येक बिंदूसाठी सरासरी दोन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे, तर सेकंदाला सुमारे १०४ एमबी आणि तासाला सुमारे ३७३ जीबी एवढा ऐवज होतो. तळहाताएवढ्या कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या कार्डात हे मावणे शक्य नाही. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेली एव्हीसीएचडी ही पद्धत तोच ऐवज सेकंदाला जास्तीत जास्त २४ मेगाबिटांत, म्हणजे तासाला अकरा जीबीच्या आत बसवते. सुमारे ३५ पट आकुंचन. हे आकुंचन ज्या रीतीने साधले जाते तीत सगळी मेख आहे.

कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाही. बारा-पंधरा चित्रांच्या एका गटात एखादेच चित्र पूर्ण लिहिले जाते. बाकीच्यांच्या जागी ‘मागल्याप्रमाणे, फक्त ओठ एवढे हलले’ अशा स्वरूपाच्या टिपा असतात. किराणा दुकानाच्या वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहून पाने भरतात, तसे. वहीचे अकरावे पान फाडून हातात दिले तर त्यावरून एक रुपयाचाही हिशेब लागणार नाही. पहिल्या पानापासून वाचत यावे लागेल. त्यातही काही टिपा मागल्या चित्राकडे बोट दाखवतात, तर काही पुढे येणाऱ्या चित्राकडेही. कर्ता चौथ्या चरणात आणि कर्म पहिल्यात, असा श्लोक ज्याने वर्गात लावून दाखवला आहे, त्याला हे सांगावे लागू नये. चारही चरण हाती आल्याशिवाय अन्वय लागत नाही. येथेही गट पूर्ण हाती आल्याशिवाय मधले एक चित्र दिसत नाही.

नुसते पाहणाऱ्याला याचा त्रास नाही. तो पहिल्यापासून शेवटापर्यंत क्रमाने पाहतो आणि क्रमाने उलगडणे यंत्रालाही जमते. म्हणूनच ‘व्हीएलसीमध्ये तर छान चालते, मग सॉफ्टवेअरमध्येच का अडते?’ हा प्रश्न विचारला जातो. संकलकाचे वाचन वेगळे असते. तो मागे जातो, पुढे उडी घेतो, एका वाक्याच्या मध्यावर कातरतो आणि तेथे दुसऱ्या क्लिपचा मध्य जोडतो. प्रत्येक उडीला यंत्राला जवळचे पूर्ण चित्र शोधून, तेथून अन्वय लावत, मागितलेल्या चित्रापर्यंत यावे लागते. अशा चाळीस क्लिप्स एकदम आत घेतल्या, प्रत्येकीचे छोटे चित्र मागितले, आणि त्या क्लिप्स अजून कार्डातच, यूएसबीच्या वायरीपलीकडे असल्या, म्हणजे काय होणार? साठवणीसाठी लिहिलेला मजकूर आपण संपादनाची प्रत म्हणून वापरायला निघालो आहोत. यंत्र अडले यात नवल ते काय?

पूर्वी असे नव्हते, ही कुरकुर ज्येष्ठ छायाचित्रणकारांकडून ऐकू येते आणि ती खरी आहे. मिनी डीव्ही टेपच्या काळात चित्र लहान होते, ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. पण प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण लिहिलेले असे. तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागे आणि ती संगणकात उतरवायला पुरा तास लागे. त्या तासाला लोक कंटाळत. २००३ साली एचडीव्ही आले, तेव्हा टेप तीच राहिली, पण मजकूर ‘वरीलप्रमाणे’च्या पद्धतीने लिहिला जाऊ लागला. एव्हीसीएचडीने टेपही घालवली. तासाचा कंटाळा गेला. कार्ड लावले, फाइली ओढल्या, झाले. उतरवण्याच्या त्या सक्तीच्या तासात जी एक कामाची प्रत आपोआप तयार होई, ती आता मुद्दाम तयार करावी लागते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

‘कोणी सांगितले नाही’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. २००७ साली ॲपलने फायनल कट प्रो ६ बरोबर प्रोरेस नावाचे मधल्या टप्प्याचे स्वरूप आणले. एव्हीसीएचडीच्या क्लिप्स त्या सॉफ्टवेअरमध्ये थेट घेताच येत नसत. आत येतानाच त्या प्रोरेसमध्ये उतरवल्या जात. लोक वैतागले. दुसऱ्या बाजूला ॲडोबीने २००८ साली प्रीमियर प्रो सीएस ४ मध्ये एव्हीसीएचडी ‘जशीच्या तशी’ संकलित करता येईल, असे जाहीर केले. लोक खूश झाले. पण सीएस ४ हे ३२ बिटांचे सॉफ्टवेअर. चार जीबीपेक्षा अधिक स्मृती त्याला वापरताच येत नसे. ६४ बिटांची आवृत्ती २०१० साली सीएस ५ म्हणून आली. मधल्या दोन वर्षांत ‘जशीच्या तशी’ या शब्दांवर विश्वासून ज्यांनी बेताच्या संगणकावर शंभर-दोनशे क्लिप्स आत ओढल्या, त्यांच्या पदरी काय आले असेल? आमच्या मते पहिली पद्धत कटकटीची पण प्रामाणिक होती. ती सांगत होती की हे तुमचे कच्चे लेखन आहे, आधी त्याची सुवाच्य प्रत करू या. दुसरीने खोक्यावर ‘सपोर्ट’ हा शब्द छापला. ‘सपोर्ट’ म्हणजे फाइल उघडेल. त्यावर सुखाने काम होईल, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. जाहिरातीच्या भाषेतील अर्थच्छटा उलगडून दाखवण्यावर आपल्या विभागांत शोधनिबंध लिहिले जातात. हा एक शब्द मात्र कोणी तपासला नाही.

गंमत अशी की उद्योगाने शेवटी पहिल्या पद्धतीचे शहाणपण मान्य केले. २०११ च्या फायनल कट प्रो एक्समध्ये पार्श्वभूमीवर कामाची प्रत तयार करण्याची सोय आली, २०१६ मध्ये प्रीमियरनेही ‘प्रॉक्सी’ची सोय दिली, आणि दा विंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांतही ती आहे. उपाय यंत्रातच बसलेला आहे. तो वापरायचे बटण मात्र आपण दाबत नाही, कारण ते कशासाठी आहे हे वाचण्याइतका वेळ ‘तांत्रिक’ गोष्टीला देणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

हे सारे कशासाठी उगाळायचे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक प्रकरण सांगतो. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात, नाव सांगण्याचे कारण नाही, मराठी विभागाने एका वृद्ध बाईंकडून जात्यावरच्या ओव्या आणि त्यांच्या माहेरच्या आठवणी तीन तास चित्रित केल्या. क्लिप्स प्रयोगशाळेतल्या संगणकावर घेताना सॉफ्टवेअर गोठले. दुकानदाराला फोन झाला. तो म्हणाला, मशीन जुने आहे, नवे घ्या. नव्या मशीनसाठी तीन दरपत्रके मागवायचा प्रस्ताव कार्यालयात गेला आणि फेऱ्या मारू लागला. दरम्यान कार्ड कपाटात होते. पुढे स्नेहसंमेलन आले. चित्रणाला कार्ड हवे होते, कपाटातले कार्ड ‘खराब क्लिपांचे’ म्हणून सर्वांना ठाऊक होते, ते फॉरमॅट झाले. प्रस्ताव मंजूर होऊन नवा संगणक आला, तेव्हा त्यावर घ्यायला काही उरले नव्हते. आणि बाईही उरल्या नव्हत्या. त्या क्लिपांत काहीही खराब नव्हते. एका साध्या फुकट सॉफ्टवेअरने त्या रात्रीतून उतरवता आल्या असत्या, जुन्याच मशीनवर.

या प्रकरणात कोणी दुष्ट नाही. सर्वांनी आपापल्या खात्याचे काम केले. दोष आहे तो एका प्रश्नाच्या अभावाचा, आणि तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी ज्या विभागाने चित्रण केले त्याचीच होती. तीन तासांचा संशोधनाचा ऐवज ‘खराब’ आहे, हे निदान दुकानदाराचे. त्याला ओवीशी काय कर्तव्य? त्याला संगणक विकायचा होता, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच होते.

मग करायचे काय? आम्ही येथे पुस्तिका लिहीत नाही. पण टीका करून उपाय झाकून ठेवणे हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणा होईल.

पहिली गोष्ट, कार्डावरून थेट काम कधीही करू नये. कार्डातील सर्व ऐवज संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर आणि शिवाय एका बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. उतरवताना फक्त ‘एमटीएस’ फाइली उचलून बाकीचे फोल्डर निरुपयोगी म्हणून टाकून देण्याची सवय घातक आहे. एव्हीसीएचडी कॅमेरा लांब चित्रणाचे ठरावीक आकाराचे तुकडे करतो आणि ते तुकडे कसे जोडायचे याची नोंद त्याच फोल्डरांतल्या इतर छोट्या फाइलींत ठेवतो. ती नोंद गेली की सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. पोथीची पाने ठेवली आणि पत्रांक फाडून टाकले, तर त्याला आपण काय म्हणू? ‘प्रायव्हेट’ नावाचे फोल्डर संपूर्ण, जसेच्या तसे उचलावे.

दुसरी गोष्ट, अडथळा नेमका कोठे आहे ते वेगळे काढावे. नवा कोरा प्रकल्प उघडून एकच क्लिप आत घ्यावी. एक आली आणि चाळीस आल्या नाहीत, तर भार जास्त आहे, पाच-पाच घ्याव्यात. विशिष्ट एकच क्लिप प्रत्येक वेळी अडवत असेल, तर ती एक बिघडलेली असू शकते. तिच्यासाठी बाकीच्या एकोणचाळीस फासावर देऊ नयेत. एकही येत नसेल, तर डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते पाहावे, सॉफ्टवेअरने साठवलेल्या जुन्या ‘कॅश’ फाइली पुसाव्यात, आणि सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने उलगडण्याचा पर्याय एकदा बंद करून पाहावा. कार्डाचा जुना ड्रायव्हर हे या गोठण्याचे नेहमीचे कारण आहे. आणखी एक बारीकसारीक पण आपल्या विभागांपुरती महत्त्वाची बाब : फाइलींची व फोल्डरांची नावे देवनागरीत असतील तर काही सॉफ्टवेअरांना, विशेषतः जुन्यांना, ती वाचता येत नाहीत. ‘ओव्या-भाग-१’ हे नाव रोमन लिपीत लिहून पाहावे. मराठी विभागाने हे करावे यात जो उपरोध आहे तो आम्हालाही टोचतो. पण त्याची तक्रार क्लिप आत आल्यावर करता येईल.

तिसरी आणि मुख्य गोष्ट म्हणजे कामाची प्रत. मीडियाइन्फो नावाचे छोटे सॉफ्टवेअर फुकट मिळते. क्लिप त्यावर टाकली की ती कोणत्या कोडेकमध्ये लिहिली आहे, वेग स्थिर आहे की बदलता, आवाज कोणत्या पद्धतीचा, हे सारे ते सांगते. एव्हीसीएचडीत आवाज बहुधा डॉल्बी पद्धतीचा असतो आणि तो उलगडणारे अंग काही सॉफ्टवेअरांत नसते. अशा वेळी चित्र येते आणि ओवी मुकी होते. हे कळले की एफएफएमपेगसारख्या, सन २००० पासून विकसित होत आलेल्या, मुक्त साधनाने त्या क्लिप्स प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या स्वरूपांत उतरवाव्यात. त्यांत प्रत्येक चित्र पुन्हा स्वयंपूर्ण असते. किंमत जागेची, साध्या प्रोरेस ४२२ मध्ये तासाला सुमारे ५५ जीबी. तीन तासांच्या मुलाखतीला १६५ जीबी. बाहेरच्या एका डिस्कची किंमत आणि नव्या संगणकाची किंमत यांची तुलना ज्याची त्याने करावी.

येथे एका फसवणुकीपासून सावध करणे अगत्याचे आहे. ‘एमटीएसचे एमपी ४ करा’ असा सल्ला सर्रास मिळतो आणि तो करून देणारी तथाकथित फुकट कन्व्हर्टरे जागोजागी आहेत. एमटीएस काय, एमपी ४ काय, ही पाकिटे आहेत. आतले पत्र त्याच ‘वरीलप्रमाणे’च्या लिपीत राहते, किंवा पुन्हा एकदा दाबून अधिक बिघडवले जाते. पाकीट बदलल्याने पत्र सुवाच्य होत नाही. रूप आणि आशय यांवर आयुष्यभर व्याख्याने देणाऱ्यांनी तरी या सल्ल्याला बळी पडू नये.

‘हे तंत्रज्ञाचे काम’ या आक्षेपाला आता उत्तर देतो. चित्रणाची तांत्रिक बाजू तंत्रज्ञाने सांभाळावी हे मान्य. पण मूळ प्रत आणि कामाची प्रत यांतला भेद तंत्रज्ञाने आपल्याला शिकवायचा? हा भेद आपल्या शास्त्राचा पाया आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे सत्तेचाळीस वर्षे चालले; हस्तलिखिते जशीच्या तशी राहिली, आणि पाठभेद टिपण्यासाठी स्वतंत्र पत्रके वापरली गेली. मूळ पोथी जपायची, काम उताऱ्यावर करायचे. मूळ क्लिप जपायची, संकलन प्रॉक्सीवर करायचे, शेवटी पुन्हा मुळाशी जोडायचे. यात साहित्याच्या अभ्यासकाला परके ते काय आहे? पाठचिकित्सा एम. ए. ला शिकवायची आणि स्वतःच्या विभागातल्या एकमेव प्रतीवर कात्री चालवायची, ही विसंगती आम्हाला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. म्हणतात, ही अडचण जुन्या काळची. नवे संगणक, नवे कॅमेरे आले की ती आपोआप सुटेल. ती सुटली नाही, सुटत नाही. संगणकांनी एव्हीसीएचडी पचवेपर्यंत २०१३ साली एचईव्हीसी हे अधिक दाट आकुंचनाचे मानक आले, २०१७ पासून आयफोन त्यात चित्रण करू लागले, आणि विभागातला विद्यार्थी आज कॅमेरा नव्हे, फोनच घेऊन गावात जातो. फोनांतील चित्रणाचा वेग बहुधा बदलता असतो; प्रकाश कमी झाला की सेकंदाची चित्रे कमी होतात, आणि मग संकलनात ओठ एकीकडे व शब्द दुसरीकडे. महागड्या कॅमेऱ्यांतील दहा बिटांच्या ४:२:२ चित्रणाचे तर असे की एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना ते उलगडण्याची सोय २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. म्हणजे लाखाचे मशीनही गोठते. कॅमेरा बनवणारा कमी जागेत अधिक मावावे यासाठी धडपडतो, संकलकाला मोकळी, सुटी चित्रे हवी असतात. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत आणि राहतील. नवे यंत्र ही दरी काही काळ झाकते इतकेच.

मौखिक साहित्याच्या संग्रहाचे मोठेपण मुळात गोळा करण्यात असते, ही समजूतही या दुर्लक्षाच्या मुळाशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतल्या अनेक आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. त्या केवळ जमवल्या म्हणून नव्हे, तर त्या उतरवून घेणे, वर्ग पाडणे, ध्वनिमुद्रणे नव्या स्वरूपात आणणे, हे कंटाळवाणे काम कोणीतरी आपले मानून केले म्हणून. आपल्या विभागांच्या अहवालांत ‘चित्रण पूर्ण’ असे लिहून प्रकल्प बंद होतो. चित्रण पूर्ण होणे म्हणजे शेतातून धान्य घरी येणे. दळण अजून व्हायचे असते.

आमची मागणी मोठी नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च आणि मानधन यांच्या जोडीला दोन डिस्कांची किंमत लिहावी. एम. ए. च्या लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत क्षेत्रकार्याच्या पायऱ्या विचारल्या जातात, त्यांत ‘मूळ चित्रण व कामाची प्रत’ यावर एक टीप यावी. आणि विभागाच्या नोंदवहीत कलावंताचे नाव, गाव, तारीख हे रकाने आहेतच, त्यांत पाच वाढवावेत : कॅमेरा अथवा फोन कोणता, कोडेक कोणता, सेकंदाला चित्रे किती, मूळ फोल्डर कोणकोणत्या दोन डिस्कांवर आहे, आणि कार्ड कोणत्या तारखेला कोणाच्या सहीने पुसले. पहिल्या चार रकान्यांना कोणी हरकत घेणार नाही. शेवटच्याला घेतील.